पिल्लू आणायचं की नाही, हे आधी सासूबाईंना विचारा

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, तुम्ही आणि यजमान दोघंही नोकरीला, मुलगी तिसरीत, सासूबाई दिवसभर घरी. बेवारस जनावरांच्या शेल्टरमध्ये काळ्या-पांढऱ्या रंगाचं, कुत्र्याचं ४० दिवसांचं एक मादी पिल्लू मुलीच्या मनात भरलंय. शेल्टरवाले म्हणतात या रविवारी न्या, नाहीतर दुसरं कुणी नेईल. दीर म्हणतात शेल्टरची पिल्लं रोगट, त्यापेक्षा सरळ लॅब, म्हणजे लॅब्राडोर जातीचं पिल्लू, घ्या. आणि तुम्ही विचारताय की घ्यावं का, आणि घेतलं तर लसी कोणत्या नि कधी.

मी पुण्यातच पशुवैद्य आहे. दवाखाना स्वतःचा आहे आणि शेल्टरच्या जनावरांसाठीही नेमाने जाते, त्यामुळे दत्तक प्रकरणाच्या दोन्ही बाजू बघायला मिळतात. हौसेने घरी नेलेलं पिल्लू आठवड्याभरात माझ्याकडे सलाईनवर पडलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारामुळे. आणि सहा-आठ महिन्यांनी "डॉक्टर, हिला कुणी चांगलं घर देईल का हो?" असं विचारणारे लोक येतात, ते जवळजवळ नेहमी घरातल्या वेळापत्रकामुळे. तुम्ही लसींबद्दल बरंच लिहिलंय आणि वेळापत्रकाबद्दल अर्धं वाक्य: "सासूबाई घरीच असतात." माझ्या मते तुमचं घ्यायचं-न घ्यायचं त्या अर्ध्या वाक्यावर ठरणार आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

४०-४५ दिवसांच्या पिल्लाला जागेपणी तास-दीड तासापेक्षा जास्त वेळ शू धरता येत नाही. झोपून उठलं की शू, खाल्लं की शी, खेळून दमलं की पुन्हा शू. तीन महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा खायला लागतं, म्हणजे तुम्ही सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला परत येत असाल तर त्यातली दोन खाणी सासूबाईंच्या वाट्याला. फरशी पुसणं तर दिवसातून आठ-दहा वेळा. त्यांचे गुडघे कसे आहेत? वाकून खालचं पुसता येतं का? हे मी उगाच विचारत नाही. पिल्लं माणसाच्या पायात पायात येतात, साडीचा किंवा गाऊनचा काठ तोंडात धरून लोंबकळतात. सत्तरीच्या माणसाला त्यात तोल जाऊन पडायला क्षणही लागत नाही, आणि खुब्याचं हाड मोडलं तर पिल्लू बिचारं त्याच आठवड्यात परत जातं.

सासूबाईंना विचारतानाही "आणू ना? चालेल ना तुम्हाला?" असं विचारू नका. त्या म्हणतील, "आणा की, पोरीची हौस आहे." पुढे दुपारी दोन वाजता त्या एकट्या आणि ते पिल्लू. नेमकं विचारा. दुपारची शी कोण उचलणार? देवघराच्या दारात शू झाली तर चालेल का? भजनी मंडळाला किंवा नणंदेकडे चार दिवस जायचं असेल तर त्या दिवसांत काय करायचं? पिल्लू हॉलमध्येच राहील की स्वयंपाकघरातही येईल? या प्रश्नांवर त्या हसून उत्तरं द्यायला लागल्या तर तुमचं निम्मं काम झालं. त्या गप्प झाल्या तर तेही उत्तरच आहे, मग भलतीकडून मन वळवायला जाऊ नका.

त्यांची तयारी अर्धवट असेल तर मधला मार्ग असा की तुम्ही आणि यजमानांनी पाळीपाळीने मिळून निदान दोन आठवडे रजा घ्यायची किंवा घरून काम मागून घ्यायचं, आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांसाठी दुपारी कुणीतरी येईल अशी पगारी सोय करायची. तेही जमणार नसेल तर मी स्पष्टच सांगते, पिल्लू घेऊ नका. दीड-दोन वर्षांची मोठी कुत्री घ्या.

हा पर्याय ऐकला की लोकांचे चेहरे पडतात. पण तुमच्यासारख्या घरासाठी मी तो खरोखर वरचा मानते. मोठ्या कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असतं, लसी झालेल्या असतात, उंची-वजन समोर दिसतं. मुख्य म्हणजे स्वभाव दिसतो: मुलं जवळ आली की शेपूट हलवते की कोपऱ्यात सरकते, हे दोन भेटींत कळतं. पिल्लाच्या बाबतीत हा सगळा अंदाजच. मोठी कुत्री सात-आठ तास शू धरू शकते, दिवसा झोपते, आणि सासूबाईंना दुपारी फक्त सोबत देते. मुंढव्याची ब्लू क्रॉस असो, रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट असो की आणखी कुठली छोटी संस्था, मोठ्या कुत्र्यांना विचारणारे सगळीकडेच कमी. अपघातात एक पाय गेलेली तर कुणी बघतही नाही, आणि तीन पायांवर ती फ्लॅटमध्ये इतकी मजेत राहतात की थोड्या दिवसांनी घरच्यांच्या लक्षातही राहत नाही.

आता समजा सासूबाई हौसेने तयार आहेत आणि पिल्लूच आणायचंय. मग वयाचा प्रश्न येतो. ४० दिवस कमी आहेत. आपल्याकडे कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे २०१७ चे नियम आहेत, त्यांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. तुम्ही विकत घेत नाही, त्यामुळे तो नियम तुम्हाला सरळ लागू होत नाही, पण त्यामागचं कारण लागू होतं. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आई आणि भावंडांकडून चावण्याचं माप शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, हा धडा माणसाच्या घरात शिकवायला फार वेळ लागतो, आणि तोवर तुमच्या मुलीच्या हातांवर ओरखडेच ओरखडे.

तरीही "आठ आठवडे होईपर्यंत थांबा" असं मी डोळे मिटून सांगणार नाही, कारण ते परिस्थितीवर आहे. पिल्लाची आई शेल्टरमध्येच असेल, भावंडं असतील आणि त्यांना वेगळी स्वच्छ जागा असेल तर पंधरा-वीस दिवस थांबा, दर रविवारी जाऊन भेटा, आणि पिल्लू तुमच्या नावावर ठेवायला सांगा. पण आई नसेल, पिल्लं रस्त्यावरून उचलून आणलेली असतील आणि शेजारच्या पिंजऱ्यात रोज नवी जनावरं येत असतील, तर तिथला प्रत्येक दिवस पिल्लाच्या जिवावरचा असतो. अशा वेळी मी स्वतः शेल्टरला सांगते की सहा आठवड्यांचं झालेलं पिल्लू चांगल्या घरी लवकर जाऊ द्या. म्हणून "रविवारीच न्या" या घाईबद्दल लगेच राग धरू नका. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्या साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर वितात. त्या महिन्यांत शेल्टरमध्ये खोक्यांमधून पिल्लं येऊन पडतात, जागा पुरत नाही, आणि एका पिल्लाला संसर्ग झाला की अख्खी वीण जाते. घाईचं कारण विचारा. खरं कारण सांगणारं शेल्टर चांगलं.

तिथे गेलात की पिल्लाकडे बघण्याआधी जागेकडे बघा. मी सगळ्यात आधी झाडू बघते. सगळ्या पिंजऱ्यांना एकच झाडू आणि एकच बादली फिरत असेल तर बाकी सगळं कितीही प्रेमाने चाललेलं असो, संसर्गही त्याच झाडूबरोबर फिरतो. पिल्लांचा विभाग आजारी जनावरांपासून लांब आहे का, सांभाळणारी माणसं आधी पिल्लांकडे जाऊन मग आजाऱ्यांकडे जातात की उलटं, हे उभं राहून दहा मिनिटं बघितलं तरी कळतं. मग एकच प्रश्न विचारा, आणि तो नेमका असा: "गेल्या दोन आठवड्यांत या विणीतलं किंवा या पिंजऱ्यातलं एखादं पिल्लू आजारी पडलं किंवा गेलं का?" दोन आठवडे अशासाठी की पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, क्वचित चौदापर्यंत. उत्तर "हो" असेल तर त्या दिवशी पिल्लू आणू नका. चौदा दिवस जाऊ द्या, किंवा शेल्टरच्या डॉक्टरांशी बोलून, जोखीम पूर्ण माहीत असताना आणा.

मग पिल्लू हातात घ्या. वरचा ओठ उचलून हिरड्या बघा, गुलाबी आणि ओलसर हव्यात. पांढुरक्या असतील तर जंत, पिसवा किंवा गोचिडांनी रक्त कमी केलेलं असतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच जागेवर गेली पाहिजे. शेपटी उचलून खालचे केस चिकटलेले किंवा वाळलेल्या शीचे आहेत का ते बघा. डोळ्यांत पिवळा चिकटा आणि नाकातून घट्ट शेंबूड एकदम दिसला तर मनात डिस्टेंपरची (हाही कुत्र्यांचा एक गंभीर विषाणूजन्य आजार) शंका धरा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि बरगड्या दिसतायत, हे रस्त्यावरच्या पिल्लांत सर्रास दिसतं. ते बहुतेक वेळा जंत असतात, घाबरण्यासारखं काही नाही. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात, दुधातूनही येतात, म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला देतात. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. आणि पाच पिल्लं उड्या मारत असताना एक बाजूला मान टाकून बसलं असेल तर त्याची दया येऊन ते उचलायचा मोह होतो, त्याला आधी डॉक्टरांकडे न्यायला हवं, तुमच्या घरी नव्हे.

पार्व्होबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दिरांच्या "रोगट"मध्ये खरा भाग असेल तर तो हाच. लोकांना वाटतं पार्व्हो म्हणजे रक्ताचे जुलाब. ते नंतर येतात. पहिल्या दिवशी पिल्लू फक्त एक वेळ खात नाही आणि नेहमीपेक्षा जास्त झोपतं. मग पांढऱ्या फेसाची किंवा पिवळी उलटी. रक्ताची, सडका वास मारणारी शी बहुधा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. ज्यांनी पहिल्या "खाल्लं नाही"लाच डॉक्टर गाठला त्यांची पिल्लं बहुतेक वाचतात. ज्यांनी "दमलं असेल, उद्या बघू" म्हणत ताक-साखर पाजत दोन दिवस काढले त्यांच्या पिल्लांना वाचवायला फार झगडावं लागतं. उपचार म्हणजे सलाईन, उलटीची आणि प्रतिजैविकांची इंजेक्शनं, पाच-सात दिवस रोजची ये-जा किंवा दाखल करणं. खर्च हजारांत जातो. पहिल्या महिन्यासाठी एवढी रक्कम बाजूला काढून ठेवा. लागली नाही तर ऑपरेशनला उपयोगी पडेल.

आणि हो, तुमच्या सोसायटीत किंवा आधी त्याच घरात गेल्या वर्षभरात कुणाचं पिल्लू पार्व्होने गेलंय का, हेही विचारून घ्या. हा विषाणू फरशीवर, मातीत, चपलेच्या तळव्यावर महिनोन्महिने टिकतो. आपल्याकडचं फिनाइल त्याला मारत नाही, उलट पिल्लाच्या पंजांना आणि जिभेला त्रास देतं. त्याला मारतं ते साधं ब्लीच: एका भागाला तीस भाग पाणी, आधी फरशी साबणाने धुवायची, मग हे पाणी दहा मिनिटं राहू द्यायचं आणि पुसून घ्यायचं. त्या वेळी पिल्लू दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिले दोन आठवडे बाहेरच्या चपला दाराबाहेर, आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याशी ओळख नंतर.

आता लसी. पार्व्हो आणि डिस्टेंपरसकट असलेली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करायची, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण बरेच जण तीन महिन्यांनाच थांबतात. पिल्लाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती असते. ती आजारापासून काही काळ वाचवते, पण लसीलाही काम करू देत नाही. ती कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. एकाची आठव्या आठवड्यात, दुसऱ्याची चौदाव्यात. म्हणून एक डोस लागू पडेलच असं न धरता सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस देत राहायचं. "दोन डोस झालेत, आता काही होणार नाही" असं म्हणणाऱ्यांची पिल्लं मी पार्व्होने आजारी पडलेली बघते, ती याच कारणाने. वर्षाच्या आसपास बूस्टर, पुढचं तुमचे डॉक्टर सांगतील. शेल्टरने पहिला डोस दिला असं ते म्हणत असतील तर कार्ड मागा. त्यावर बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, तारीख असते, डॉक्टरांची सही असते. नुसतं "दिलंय" असेल तर डोस झालेला नाही असं धरून चाला. एक डोस जास्त झाल्याने बिघडत नाही.

रेबीजची लस तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस आणि त्यानंतर दर वर्षी. इथे मुलीसाठी एक गोष्ट अगदी गंभीरपणे. पिल्लू लहान आहे, दुधाचे दात आहेत, म्हणून रेबीज नसतो असं समजू नका. रस्त्यावरून आलेल्या, आईचा पत्ता नसलेल्या पिल्लाला तो असू शकतो, आणि दुधाचे दात सुयांसारखे टोकदार असतात. खेळताना दात किंवा नख लागून ओरखडा पडला, रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते. पिल्लू आणण्याआधीच घरातल्या सगळ्यांना, निदान मुलीला, आधीच घ्यायची रेबीजची लस देता येईल का हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून ठेवलंत तर पुढचे दोन महिने प्रत्येक ओरखड्याला जीव खालीवर होणार नाही. आणि मुलीला एवढं शिकवा की काही लागलं तर लपवायचं नाही. मुलं लपवतात. आई पिल्लू परत पाठवेल ही भीती असते.

म्हणजे इथपर्यंतचा हिशोब असा: सासूबाईंचं मन, शेल्टरची गेल्या दोन आठवड्यांची खबर, आणि सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस. यातलं पहिलं जमलं नाही तर बाकीच्याला अर्थ नाही.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरातच कोंडून ठेवायचं असा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. मी देत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला जन्मभर "नेहमीचं" वाटतं, त्यानंतर नवीन दिसेल त्याला ते आधी भितं. म्हणजे आजाराचा सर्वांत धोक्याचा काळ आणि शिकण्याचा सर्वांत चांगला काळ हे दोन्ही एकाच वेळी. यातून वाट काढायची ती अशी: पहिल्या डोसनंतर आठवड्याभराने पिल्लाला कडेवर घेऊन फिरवा, जमिनीवर सोडू नका. रिक्षा, बस, शाळा सुटल्यावरची गर्दी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, भाजीवाल्याची हाक. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर चालू असताना खाऊ द्या. पुण्यात राहून ढोल-ताशा आणि दिवाळीचे फटाके टळत नाहीत, त्यांचे आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून, खाणं चालू असताना, थोडे थोडे वाढवत न्या. ज्या पट्ट्यात रस्त्यावरची कुत्री शी करतात तिथल्या मातीला मात्र पाय लागू द्यायचा नाही.

खाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की घर शाकाहारी आहे आणि सासूबाई दूध-पोळी देऊ म्हणतात. दूध-पोळी नको. गायी-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात, आणि मग तो दुधाचा जुलाब की पार्व्हो हे ओळखताना आमची पंचाईत. वाढीच्या वयात प्रथिनं आणि कॅल्शियमचं प्रमाण घरच्या अंदाजाने बसत नाही, म्हणून निदान सहा-आठ महिने पिल्लांसाठीचे तयार दाणे, कोमट पाण्यात भिजवून. पिशवीवर आत काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं, ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवायलाच हवं असं नाही. शेल्टरमध्ये जे खात होतं तेच पहिले चार-पाच दिवस चालू ठेवा, मग हळूहळू बदला. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट बंद. नैवेद्याच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. आणि ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली क्रोसिन किंवा ब्रुफेन कधीही नाही.

दिरांच्या लॅबबद्दल फार लिहीत नाही. दुकानातून किंवा ओळखीच्या माणसाकडून आणलेल्या लॅबलाही पार्व्हो होतो, मी तोही बघते. वर लॅबला पुढे वजन आणि खुब्याच्या सांध्याचा त्रास. पण दिरांची एक शंका रास्त आहे: मोठी झाल्यावर ही कशी होईल? आपली देशी कुत्री साधारण पंधरा-वीस किलोची होतात, केस आखूड, हवामान सोसतात. शेल्टरवाले उत्साहात "देशीला काही करावं लागत नाही" असं सांगतात, ते मला पटत नाही. ही कुत्री सावध असतात. जिन्यात पाऊल वाजलं की भुंकतात, आठ-दहा महिन्यांच्या वयात अनोळखी माणसाला अचानक घरात घेईनाशी होतात, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर नीट चाललं नाही तर सोफ्याचा कापूस काढतात. लॅबसारखी सगळ्यांच्या गळ्यात पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. घरच्यांवर मात्र जीव टाकेल. सहा महिन्यांच्या आसपास ऑपरेशन करून घ्या. पहिल्या माजाआधी केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका बराच घटतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच उरत नाही.

सोसायटीच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. तरी ती सूचना खिशात ठेवा आणि आधी सेक्रेटरींना भेटून सांगा की पिल्लू आणतोय, पट्ट्याशिवाय बाहेर काढणार नाही, शी उचलू. भांडणाने सुरू झालेलं पुढे वॉचमनपासून सगळ्यांशी भांडतच चालतं. घर भाड्याचं असेल तर मालकाचं लेखी घ्या, बरीच शेल्टर्स तेही मागतात. रेबीजची लस झाली की महापालिकेचा श्वान परवाना काढायचा.

दत्तक अर्जावर सही करताना एक कलम शोधा: जमलं नाही तर ते पिल्लू परत घेतात का? चांगलं शेल्टर परत घेतं, उलट "आमच्याकडेच परत द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका" असं लिहून घेतं. जनावराला वाऱ्यावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय की दत्तक घेतलेलं रस्त्यावरचं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची. शेल्टरने घरी येऊन पाहणी केली, चार खोचक प्रश्न विचारले, तर अपमान मानू नका. काहीही न विचारता हातात पिल्लू देणारं शेल्टर मला जास्त खटकतं.

आणि रविवारी आणू नका. रविवारी बरेच दवाखाने बंद किंवा अर्धा वेळ, आणि सोमवारी तुम्ही दोघंही ऑफिसला. शुक्रवारी सकाळी आणा, रजेचा पहिला दिवस तोच धरा. येताना सरळ दवाखान्यात दाखवून घ्या, पण तिथे पिल्लू मांडीवरच ठेवायचं, फरशीवर नाही. शेल्टरमधून भावंडांच्या अंगाखालचं फडकं मागून घ्या, रात्री ते तुमच्या पलंगाशेजारी खोक्यात घाला, रडणं निम्म्याने कमी होतं. गॅलरीच्या ग्रिलमधून डोकं बाहेर जातं का ते आदल्या दिवशीच तपासा आणि जाळी लावून घ्या. गाडीत उलटी होण्याची शक्यता आहे, म्हणून निघण्याआधी तासभर खायला देऊ नका असं शेल्टरला सांगा आणि मांडीवर जुना टॉवेल घ्या.